उन्हाळा नसलेलं गाव मी का विकत घेतलं

बाळांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत. गेम पूर्ण व्हायच्या आधीच का घेतलास, हा पहिला. नदीपलीकडच्या दोन जागा रिकाम्या का ठेवल्यास, हा दुसरा. मी ‘नंतर सांगते’ म्हणाले आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला, कारण ‘नंतर’ हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. म्हणून आज सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवील. तिच्याबद्दलची वाक्यं ती गाळणार नाही याकडे लक्ष ठेवा.

तो गेम मला तुम्हीच दाखवला होता. कोरड्या नदीकाठचं एक गाव, आणि कारभारी आपण. विहिरी कुठे खणायच्या, बाजार कुठे भरवायचा, रस्ता आधी की शाळा आधी, सगळं आपण ठरवायचं. शाळेत इंग्रजी शिकवताना वेळापत्रकं आखण्याचं काम माझ्याकडेच असे, त्यामुळे हा खेळ माझ्यासाठीच बनवला आहे असं मला वाटलं. पण माझं मन बसलं ते एका ओळीवर. पुढे कधीतरी, वेगवेगळ्या देशांत बसलेली माणसं एकाच गावाचा कारभार मिळून करू शकतील, असं बनवणाऱ्यांनी लिहिलं होतं. तुम्ही तिकडे, मी इथे कळमनुरीत, आणि गाव एक. फोनवर ‘जेवलीस का’ आणि ‘अभ्यास झाला का’ याच्या पुढे आपलं बोलणं जात नाही. विहिरीवरून मात्र आपण तास-तास भांडलो असतो. मला ते भांडण हवं होतं.

मात्र तो भाग अजून झालेला नव्हता. विक्रीच्या पानावर सरळच लिहिलेलं होतं: खेळ अपुरा आहे, मध्येच बिघडेल, आज जसा आहे तसा चालणार असेल तरच घ्या.

तुमच्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “आई, अर्ली अॅक्सेस आहे तो. बनत असतानाच विकतात. असे कितीतरी गेम अर्ध्यात सोडून देतात. पूर्ण होऊ दे, मग घे.”

“कधी होईल?”

“लागतील तीन-चार वर्षं. तुला काय घाई आहे?”

“घाई मलाच आहे,” मी म्हणाले.

माझं वय आम्हा दोघींनाही पाठ आहे. तिने विषय बदलून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मला जास्तच राग आला.

दुसरा विरोध घरातूनच झाला. तुमची साखरा गावची आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, बुधवारी येताना ज्वारीचं पीठ घेऊन आली होती. मी लॅपटॉपवर लोकांची मतं वाचत बसलेली पाहून तिने विचारलं, आणि मी सांगितलं. ती ओट्याजवळ उभी राहून हसायला लागली.

“काहून हो बाई, अर्धी भाकर भाजून कोणी ताटात वाढते का? तुमी तर पैसे देऊन अर्धीकच्ची घेऊन राहिल्या!”

“आणि हुरडा?” मी म्हणाले. “तो पिकायची वाट बघता तुम्ही? कोवळं कणीस आरावर भाजता आणि सगळ्यांना बोलावून खाता. पिकल्यावर त्याचा हुरडा होतो का?”

हा टोला लागेल असं वाटलं होतं. पण बाई साखऱ्याची. पिठाचा डबा ठेवून म्हणाली, “हुरड्याचं रान आपलं हाय. आमी पेरलं, आमी राखलं, पिकंल ते आमाला ठावं. तुमचे ते गोरे कोण हायेत? उद्या पळून गेले तर? बराबर बोलते का न्हाई मी?”

बराबर बोलत होती. ते मला मान्य करावं लागलं, पण तिच्यासमोर केलं नाही.

ती गेल्यावर मी नीट बसून पाहिलं. बनवणारे तिघेच जण होते, कुठल्यातरी थंड देशातले. शेवटची सुधारणा येऊन बरेच महिने झाले होते. घेतलेल्या लोकांच्या तक्रारी वाचल्या. कोणी म्हणत होतं, रस्ते एकमेकांत घुसतात. एकाने लिहिलं होतं, या गावात उन्हाळाच नाही, विहिरी कधी आटत नाहीत, मग कारभार कशाला हवा? मार्चमध्येच टँकरची वाट बघणाऱ्या आम्हा लोकांना यावर रडावं की हसावं कळेना. आटणाऱ्या विहिरीच त्यांना अजून बनवता आल्या नव्हत्या! त्या आमच्याकडे तयार मिळतात.

मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. उन्हाळा कधी येणार, मिळून खेळायचा भाग कधी येणार, आणि तुम्ही काम सोडलंत तर माझ्या गावाचं काय. चौथ्या दिवशी उत्तर आलं. तिघांपैकी एकीने लिहिलं होतं: “आम्ही वचन देऊ शकत नाही. आमच्यातले दोघं पोटासाठी दुसरी कामं करतात. आम्ही थांबलो तरी आज जे आहे ते तुमच्या संगणकावर चालत राहील. उन्हाळ्याचं मनावर घेतलं आहे.”

तुमची आई म्हणाली, “बघ, त्यांनीच हात वर केले.” माझं मात्र उलट झालं. आमचं घर बांधणारा गवंडी दर भेटीत ‘पोळ्याच्या आत देतो, मॅडम’ म्हणायचा. त्याचे किती पोळे झाले ते विचारू नका. वचन देता येत नाही असं तोंडावर सांगणारं माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

आता घराचंच सांगते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा गच्चीवर जाऊन विचारलं होतं, आजी, घराला हे लोखंडाचे केस का आलेत? त्या कॉलमच्या सळया आहेत. आमच्याकडे घर एका दमात कोणी बांधत नाही. खालचा मजला झाला की स्लॅब टाकतात आणि सळया वर सोडून देतात. वर कोणासाठी तरी खोली व्हायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. महामार्गाच्या नाक्यापासून कळमनुरीपर्यंत रस्त्याकडेला अशी घरं दिसतील.

आम्ही राहायला आलो तेव्हा खालचाही मजला धड नव्हता. भिंतींना गिलावा नाही, जमिनीला नुसता कोबा, दारांना चौकटी होत्या पण फळ्या नव्हत्या. तुमची आई तेव्हा रांगत होती. भाऊबंद म्हणाले, “उघड्या घरात लेकरू घेऊन कोणी जातं व्हय? थांबा की, पुरं होऊ द्या.” भाड्याच्या खोलीत आमची जात विचारून पाण्याची वेळ वेगळी ठरवून दिली होती. तिथे थांबा, असं ते सांगत होते. तुमच्या आजोबांनी चौकटीला ताडपत्री बांधली. आम्ही बुद्धवंदना घेतली, शेजाऱ्यांना खीर वाटली, आणि विटांच्या भिंतीत राहायला लागलो. तुमची आई त्याच कोब्यावर पहिली पावलं टाकायला शिकली. ‘पूर्ण होऊ दे, मग घे’ असं ती मला सांगते तेव्हा तिला याची आठवण करून द्यावीशी वाटते. आज करून दिली.

वरची खोली तुमच्या आजोबांना निवृत्तीनंतर बांधायची होती. ती झाली नाही, ते आधी गेले. म्हणून खालच्या घरात आम्ही राहिलो नाही असं होत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी तो गेम घेतला. कार्डाचा नंबर माझा मीच टाकला. जाऊबाई बाजारातून परतताना डोकावली. पडद्यावर चार झोपड्या आणि एक बैल पाहून म्हणाली, “एवढंच? या परीस आमचं साखरा मोठं हाय.” मग स्टूल ओढून बसली आणि विहीर कुठे खणायची ते मला सांगायला लागली. चुकीच्या जागी खणायला लावली.

आणि त्या दोन जागा. नदीपलीकडे चांगल्या मोक्याच्या आहेत, म्हणून मी त्या राखून ठेवल्या आणि भोवती दगडी कुंपण घातलं. खेळाला हे समजत नाही. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असा त्याचा हिशोब. गावकऱ्यांच्या डोक्यावर लाल खुणा येतात आणि ते गाव सोडून जायला लागतात. रविवारी तुम्हाला दिसलं ते हेच.

तुमची आई म्हणाली, “आई, तिथे दुकानं टाक, नाहीतर तुझं गाव भिकेला लागेल.”

लागू दे. ज्यांना जायचं आहे त्यांनी खुशाल जावं. एक जागा ताईची आहे, एक धाकट्याची. मिळून खेळायचा भाग येईल तेव्हा तुम्ही तुमच्या हाताने काय बांधायचं ते बांधा. नाहीच आला, तर पुढच्या सुट्टीत इथे या आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून बांधा. तोवर त्या जागांवर दुकान होणार नाही. मी कारभारी आहे.

उन्हाळा अजून आलेला नाही, म्हणजे पडद्यावर. इथे आला आहे. मागच्या आठवड्यात गच्चीवर गंज दिसला म्हणून मी सळयांना सिमेंटचं पाणी मारून घेतलं. चार झोपड्यांपासून वाढलेल्या पडद्यावरच्या गावात आता बाराच घरं उरली आहेत. विहीर चालू आहे, बाजार भरतो आहे, आणि नदीपलीकडच्या दोन्ही जागा अजून मोकळ्या आहेत.