पोळ्याच्या दिवशीची होडी

भाद्रपदी पोळ्याच्या दिवशी दुपारी पवना धरणाच्या पाण्यात एक जुनी शिडाची होडी उतरली. ती बैलांनी ओढायची ठरली होती. ओढली माणसांनी.

होडी तळेगावातल्या माझ्या शेजारच्या बाईंची. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. धरणाच्या काठावरच्या गावात आबा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात त्यांनी ती ठेवली होती. एका बाजूला आबांचे बैल, दुसऱ्या बाजूला होडी. सुट्टीच्या दिवशी बाई तिथे जात. मी वार्ताहर; बातमी मिळेल म्हणून एकदा त्यांच्या मागे गेलो. बातमी मिळाली नाही, हातात पॉलिश पेपर मिळाला.

"आधी खरवडा, मग बोला," हे त्यांचं प्रत्येकाला पहिलं वाक्य. त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक भेटायला आले, तेही खरवडून गेले. काय बोलायला आले होते ते विसरले.

पवनेच्या काठाने तुम्ही गेला असाल तर अशा होड्या लांबून पाहिल्या असतील. वाऱ्याने आडवं सरकू नये म्हणून त्यांच्या पोटातून खाली एक फळी सोडलेली असते. बाईंची होडी त्या फळीच्या खाचेशी गळायची, म्हणून विकत घेतल्यापासून ती पाण्यात गेलीच नव्हती. बाई होडीच्या आत पाणी भरत आणि बाहेरून थेंब कुठे येतो ते पाहत. थेंब दिसला की खडूची फुली. मग पाणी उपसायचं, जागा वाळवायची, रेझिनच्या चिकट द्रवात भिजवलेलं काचतंतूंचं कापड चिकटवायचं. दमट हवेत रेझिन वाळेना, तेव्हा त्यांनी गोठ्यात मोठा बल्ब टांगला. बैल उजेडाकडे बघत रवंथ करू लागले.

"यांना आवडतंय," बाई म्हणाल्या.

"त्यास्नी वाटतंय नवा बैल आलाय," आबा म्हणाले. "काय खात न्हाई, नुसता पानी पितो."

त्या वर्षी घाई होती. रविवारी बाईंना गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. यापुढे पाय मुडपून होडीत बसता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटची फुली पुसली गेली आणि बाईंनी आबांना फोन केला, "शनिवारी उतरवू. बैल लागतील." काठच्या चिखलात ट्रॅक्टर रुततो. आबा "व्हय" म्हणाले.

बाई मूळच्या अमरावतीच्या. तिकडे पोळा श्रावणी अमावास्येला होतो. तो होऊन महिना झाला, असं त्यांच्या डोक्यात होतं. मावळात तो भाद्रपदात असतो. आणि आबा तिथीने चालणारे. त्या शनिवारी कोणती तिथी येते, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा बैलांच्या शिंगांना रंग आणि अंगावर झुली होत्या.

"आबा, जुंपायचं ना?"

"आज? बाई, त्यांचा सण हाय. आज मानेवर जू न्हाई ठेवायचं."

बाई होडीच्या कडेवर बसल्या.

आबांनी टोपी मागे सारली. "बैलाला सुट्टी हाय. आमाला कुटं हाय?"

गावातली माणसं दोराला लागली. चिखलात बाईंचे गुडघे चालणार नव्हते, म्हणून त्यांना होडीतच बसवलं. आबांच्या घरच्या मावशींनी होडीच्या टोकाला हळदकुंकू लावलं, बैलांसारखीच तिलाही पुरणपोळी दाखवली आणि ती बाईंच्या हातात दिली.

"लय जड हाय की! वजन होडीचं का बाईंचं?" दोरावरून कुणीतरी ओरडलं.

"होडीचं," बाई पोळी खात म्हणाल्या. "बोलता काय, ओढा!"

होडी तरंगली. बाईंनी शीड उभारलं आणि आबांना बरोबर घेतलं. ते मध्यावर पोचले तेव्हा आबांचा आवाज काठावर ऐकू आला, "बाई, पायाशी वलं लागतंय!"

बाईंनी शीड सैल सोडलं आणि वाकून खाचेवर हात फिरवला. खाच कोरडी होती. पाणी होडी ओढताना भिजलेल्या आबांच्या धोतरातून गळत होतं. नंतर आलेलं हसणं बाईंचं होतं. समोरच्या काठाहून परतताना त्यांनी सुकाणू आबांच्या हातात दिलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाई आता अमरावतीला भावाकडे राहतात; होडी त्यांनी आबांकडेच ठेवली.

यंदाच्या पोळ्याला त्या आल्या नव्हत्या. मिरवणुकीत होडीवरही झूल होती. मिरवणूक संपल्यावर आबा तिच्यात एकटेच बसले, समोरच्या काठाला जाऊन परत आले.