रविवारीच चालणारी मुलं

सरकारने आमच्या त्सोन्काला पत्र धाडलं. घरी मुलं सांभाळणाऱ्यांसाठी नवे नियम येऊ घातलेत, मसुदा सोबत जोडलाय, आणि कायदा होण्याआधी काही घरांची तपासणी होईल. जो नापास, त्याला परवाना नाही. मसुदा एवढा जाड, की त्सोन्काने तो खुर्चीवर ठेवला आणि त्यावर तिच्याकडे सांभाळायला असलेल्या छोट्या बोरिलला बसवून दही भरवलं. उंची बरोबर जमली.

मी मेतोदी, तिच्या बरोब्बर खाली राहतो. प्लेव्हेन शहरातल्या या सिमेंटच्या खुराड्यात वरचा शिंकला तरी खालच्याला कळतं, आणि माझ्या डोक्यावर तर कित्येक वर्षं अख्ख्या इमारतीची पोरं नाचतायत. शिवणकारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आया पहाटे पोर तिच्या दारात सोडतात. मी भांडून थकलो. "त्सोन्का, एक दिवस माझं छत पडेल!" म्हटलं, की ती वरून ओरडते, "पडू दे रे मेतोद्या, मग जिन्याचे हेलपाटे वाचतील!" असल्या बाईशी काय बोलणार, कपाळ?

तिचा एक रिवाज मात्र मला आवडतो. पोर पहिलं पाऊल तिच्याच घरी टाकतं. दिवसभर तिथेच असतं, आणखी कुठे टाकणार? पण ती आईला अवाक्षर सांगत नाही. "उठायला बघतोय गं. रविवारी लक्ष ठेव," एवढंच. मग रविवारी आई आनंदाने किंचाळते, शेजारी गोळा होतात. आई गोल पाव भाजून जमिनीवर घरंगळत सोडते, पोर दुडूदुडू त्याच्यामागे जातं, मांडून ठेवलेल्या वस्तूंतली कात्री नाहीतर पेन्सिल उचलतं आणि पुढे शिंपी होणार की मास्तर ते ठरतं. आमच्या इमारतीतली यच्चयावत पोरं रविवारीच चालायला लागली. डॉक्टरांनी अभ्यास करावा असा चमत्कार!

आणि मसुद्याने नेमकं यावरच बोट ठेवलेलं: बालकाच्या वाढीचा प्रत्येक टप्पा त्याच दिवशी पालकांना लेखी कळवावा. लपवल्यास परवाना मिळणार नाही.

तपासणीला रालित्साबाई आल्या. तरुण, नीटनेटक्या, डोळ्यांखाली काळं. शेजाऱ्याचाही जबाब लागतो म्हणून मला वर बोलावलं.

"कर्मचाऱ्यांसाठी वेगळं स्वच्छतागृह कुठाय?"

"कर्मचारी कोण?" त्सोन्काने विचारलं.

"तुम्ही."

"आणि हे घर कुणाचं?"

"तुमचंच."

"मग माझ्यापासून वेगळी होऊन मी कुठे जाऊ, बाळे?"

बाईंनी ते लिहून घेतलं. आग लागल्यावर बाहेर पडायचा नकाशा मुलांच्या नजरेच्या उंचीवर हवा होता. तो लावलेला होता, पण त्यातला जिना बोरिलने खाल्ला होता.

एवढ्यात बोरिलने सोफा सोडला आणि तुरुतुरु चालत जाऊन बाईंची पर्स धरली.

"कधीपासून चालतो हा?"

"कोण, हा?" त्सोन्का म्हणाली. "छे! रांगतो."

"आजी, तो माझ्यासमोर उभा आहे."

"रांगता रांगता उठला असेल."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही खाली राहता. वर पावलं ऐकू येतात?"

आठवडाभर माझ्या छतावर तो टुणटुण आवाज होता. तक्रार ऐकून घ्यायला सरकार स्वतःहून आलं होतं! मी त्सोन्काकडे पाहिलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली होती.

"माझे कान गेलेत, बाई," मी म्हणालो.

"पेंटर नसले, आजोबा, तरी थापेला लावलेला रंग कळतो मला." त्यांनी पेन काढलं. "टप्पा लपवला, असं लिहावं लागेल."

तोच दार उघडलं. बोरिलची आई, व्याना, पाळी संपवून आलेली, केसांत अजून दोऱ्याचे तुकडे. बोरिलने पर्स टाकली आणि थेट तिच्याकडे निघाला. मध्ये एकदा डुलला, सावरला, तिच्या गुडघ्यांवर जाऊन आदळला.

"चालला! अगं आजी, चालला! पहिल्यांदा!" व्याना हसतही होती, रडतही होती. मग बाईंकडे वळली. "तुम्ही पाहिलंत ना? पहिलंच पाऊल ना हे?"

 बाईंचं पेन तसंच अधांतरी राहिलं.

"हो," रालित्साबाई म्हणाल्या. "पहिलंच. मी पाहिलं."

त्यांनी रकान्यात लिहिलं, 'टप्पा आईसमक्ष. हरकत नाही.' व्याना पावाचं पीठ मळायला पळाली. आम्ही बाईंना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. कठड्याला धरून त्या थांबल्या.

"माझी मुलगी गेल्याच महिन्यात चालायला लागली," त्या हळूच म्हणाल्या. "तिला सांभाळणारी म्हणाली होती, लक्ष ठेवा. आणि खरंच, माझ्यासमोर चालली." त्यांनी त्सोन्काकडे पाहिलं. "रविवारी."

त्सोन्काने त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

"मग ते पहिलंच पाऊल गं, पोरी."