शेजारच्या ओंपुंगचं रडणं

सिडनीतल्या गिरावीनच्या त्या गल्लीत नुपूरच्या तावडीतून कोणी सुटलं नव्हतं. सायन्सचे सर, फार्मसीतली नाक उडवत बोलणारी बाई, ‘नो वरीज मेट’ म्हणताना उगाच ऑस्ट्रेलियन होणारे यतीनकाका, सगळे तिच्या घशात राहायला आले होते. पंधरा वर्षांची पोरगी, पण एकदा ऐकलं की आवाज गिळायची आणि कुठेही काढून दाखवायची. आई म्हणायची, “एक दिवस मार खाशील.” बाबा म्हणायचे, “अगं, पण काढते काय हुबेहूब!”

त्या घशातलं सगळ्यात नवं बिऱ्हाड म्हणजे शेजारची ओंपुंग.

ओंपुंग म्हणजे त्यांच्या बाताक भाषेत आजी. नातू झाला की म्हाताऱ्या माणसाचं नाव तिथे बाजूला ठेवतात आणि नातवाच्या नावानेच त्याला ओळखतात. ही दानिएलची आजी, एवढंच. सुमात्रातल्या तोबा सरोवराच्या काठावरून चार वर्षांपूर्वी ती लेकीकडे राहायला आली, आणि पहिल्याच महिन्यात कुंपणावरून तिने तेजश्रीच्या, म्हणजे नुपूरच्या आईच्या, हातात वाळलेल्या हिरवट मिऱ्यांची पुडी ठेवली. आईने एक दाणा चावला, जीभ झिणझिणली, आणि ती ओरडली, “अय्या, हे तर आपल्या तिरफळाचं भावंड!” तेव्हापासून बांगड्याचं कालवण त्या घरी आणि तळ्यातल्या माशांच्या गोष्टी ह्या घरी, अशी देवाणघेवाण सुरू झाली.

गोष्टी सांगायला ओंपुंगला इंग्लिश पुरायचं नाही. मग ती हातांनी सांगायची. समोरासमोर दोन रांगा, सात घरं. छपरं दोन्ही टोकांना वर उचललेली, होडीसारखी. मध्ये अंगण, त्यात भात वाळत घातलेला, आणि तो टिपायला येणाऱ्या कोंबड्यांना हाकलायला बसवलेली सगळ्यात धाकटी पोर, म्हणजे ही. घराखाली डुकरं, मागे कांद्याचे वाफे, आणि पुढे पाणी. तळ दिसत नाही असं पाणी. शाळा पलीकडच्या काठाला. थोरली बहीण तिऊर पहाटे लाकडी होडी वल्हवत तिला सोडायची, परत जाऊन कांदे खुरपायची, दुपारी पुन्हा आणायला यायची. सहा वर्षं. तिऊर स्वतः शाळेत गेलीच नाही.

“माय सिस्टर, आर्म लाइक मॅन,” ओंपुंग दंड दाखवून हसायची. नुपूर घरी येऊन तसाच दंड दाखवायची. घर खो खो हसायचं. इथपर्यंत ठीक होतं.

मार्चमध्ये तिऊर गेली. गुडघ्यांमुळे ओंपुंगला विमानात बसायची परवानगी नव्हती. नुपूर डबा परत द्यायला गेली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन ठेवला होता. फोनमध्ये ते अंगण, गर्दी, मधोमध तिऊर. आणि इकडे सिडनीत, नळाशेजारी उभी राहून ओंपुंग रडत होती. नुसतं रडणं नव्हे. सूर लावून, शब्द जोडून, बहिणीला हाका मारत. “ओऽऽ इनांगऽऽ...” म्हणजे अगं आई गं. एका जागी आवाज चिरायचा, खाली घसरायचा, पुन्हा वर चढायचा. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात सांगायचं असतं, हे ओंपुंगने तिला मागाहून समजावलं. होडी, कांदे, दंड, सगळं त्यात होतं.

नुपूर दारात डबा धरून उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे, खोटं नाही. पण कान आपलं काम करत होते. चिरलेला सूरसुद्धा त्यांनी जपून उचलला.

एप्रिलमधल्या एका रविवारच्या दुपारी मागच्या अंगणात बार्बेक्यू होता. यतीनकाका, देवयानीमावशी, त्यांची मिताली. आई आत कांदा चिरत होती, बाबा गॅसचं नळकांडं आणायला गेले होते. फार्मसीवालीची नक्कल झाली, सरांची झाली, काकांचीसुद्धा झाली. मिताली म्हणाली, “समथिंग न्यू ना यार!”

“थांब,” नुपूर म्हणाली. डोक्यावर टॉवेल घेतला, कणीस धरायचा चिमटा फोनसारखा समोर टेकवला, आणि सुरू केलं. “ओऽऽ इनांगऽऽ...” शब्द जसेच्या तसे. चिरलेला सूर तर असा लागला की मिताली खुर्चीवरून घसरली. काका डोळे पुसत म्हणाले, “अगं बास, मरेन मी!”

म्हणून तिने अजून मोठ्याने लावलं.

बाजूचं फाटक वाजलं. ओंपुंग उभी होती. घरातली चप्पल, खांद्यावर गडद रंगाचं विणलेलं वस्त्र, आणि डोक्यावर तांदळाने भरलेली चटईच्या विणीची पिशवी. धापा टाकत होती. दोन पायऱ्या चढायला तिला एरवी दानिएल लागायचा.

“हू डाय?” तिने विचारलं.

काकांनी बिअर खुर्चीखाली सरकवली.

“नुपूर, यू क्राय? हू डाय, माय चाइल्ड?”

खरं सांगायला एक क्षण होता. नुपूरने तो पाहिला, ओळखला, आणि जाऊ दिला. तोंडातून निघालं, “माय ग्रँडमा. डॅड्स मदर. इन पुणे.”

ओंपुंगने पिशवी उतरवून तिच्या पायांशी ठेवली. गावात कुठल्या घरातून असं रडणं आलं की बायका खुरपं टाकतात आणि तांदूळ घेऊन धावतात, एवढं तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग नुपूरचं डोकं छातीशी धरलं. “गुड गर्ल. यू रिमेंबर हाऊ. नाऊ आय हेल्प. टेल मी. युवर ग्रँडमा, व्हॉट वर्क?”

“टेलरिंग क्लास,” नुपूर पुटपुटली. शोभाआजी कोथरूडमध्ये ह्या वेळी पोहे खात असणार होती.

आणि ओंपुंग खाली हिरवळीवर बसली, गुडघे दोन्ही हातांनी मुडपून, आणि शोभाआजीसाठी रडू लागली. सुई, मशीन, कापड, सगळं हातांनी दाखवत. कधी न पाहिलेल्या बाईसाठी खरे अश्रू. मिताली आपल्या बुटांकडे बघत होती. देवयानीमावशी हळूच म्हणाली, “नुपूर, काहीतरी बोल गं.” नुपूरच्या घशात बारा माणसं राहत होती, त्यातलं एकही पुढे येईना.

तेवढ्यात बाबा नळकांडं घेऊन आले. ओंपुंगने बसल्या जागेवरून त्यांचा हात पकडला. “सलिल. युवर मदर. सॉरी. सॉरी.”

नळकांडं सिमेंटवर आपटलं. बाबांचा चेहरा नुपूरने असा कधीच पाहिला नव्हता. “आई? कोणाचा फोन आला? तेजू! आईला काय झालं?” खिशातला फोन त्यांना सापडत नव्हता, खिसा तर एकच होता.

“बाबा, नाही! आजी बरी आहे!” ती किंचाळली. “मी नक्कल करत होते. ओंपुंगची. हसायला. मग मी खोटं बोलले.” आणि ओंपुंगला कळावं म्हणून तेच इंग्लिशमध्ये. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं, कारण आता प्रत्येक शब्द तिच्या तोंडाकडे बघून सांगायचा होता. “नोबडी डाइड. आय वॉज कॉपीइंग यू. युवर क्राइंग, फॉर युवर सिस्टर. फॉर अ लाफ.”

बाबा भिंतीला टेकले. आई कांद्याचे हात तसेच घेऊन दारात आली होती.

ओंपुंगने डोळे पुसले. मग बाबांना म्हणाली, “मदर ओके? गुड. कॉल हर. लिसन व्हॉइस.” बाबा आत गेले.

नुपूरने तिला उठवायला हात पुढे केला. ओंपुंगने तो घेतला नाही, खुर्चीला धरून आपली आपण उठली. उठायला खूप वेळ लागला. आणि मग तिच्या तुटक्या इंग्लिशमध्ये, कोणालाच न उद्देशून, तिने सांगितलं ते असं: चार वर्षं ह्या गल्लीत तिने तो सूर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आज भांडी घासताना तो कुंपणापलीकडून आला. तिला वाटलं, तळ्याकाठची कोणी बाई इथे राहायला आली आहे. कोणीतरी मेलंय हे तिला कळत होतं, तरी तांदूळ भरताना ती खूश होती. “समबडी डाय, अँड आय ॲम हॅपी,” ती म्हणाली. “व्हॉट काइंड ऑफ वुमन.”

नुपूरला म्हणायचं होतं की चूक तुमची नव्हे, माझी आहे. तिने ते म्हटलंही. पण तोपर्यंत तांदळाची पिशवी परत डोक्यावर धरून ओंपुंग फाटकापाशी पोचली होती, आणि फाटकाची कडी एका हाताने तिला निघत नव्हती.