पोतं लावून ढकला

"पोतं घ्या. पोतं लावून ढकला. रंग खराब व्हतो."

मुकादम असं बोलला आणि आम्ही चौघींनी उन्हासाठी डोक्यावर घेतलेली पोती काढली, हातांना गुंडाळली आणि भाऊसाहेबांच्या मोटारीला हात लावला. हात नाही. पोतं.

बहात्तरचा दुष्काळ. हसनाबादच्या बाजूला पाझर तलावाचं सरकारी काम चालू होतं. अख्खं गाव मातीवर. ज्या बायांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता त्यासुद्धा पाटी घेऊन चढत-उतरत होत्या. दुष्काळाने सगळ्यांना एका रांगेत आणलं, असं पुढे लोक भाषणात म्हणायचे. मी त्या रांगेत होते. भाऊसाहेबांची गाडी मुरमात बंद पडली की ती रांग कशी फुटायची, ते मी पाहिलंय. पारूकाकू मराठ्याच्या घरातली. ती उघड्या हातांनी ढकलायची. आम्ही बौद्धवाड्यातल्या बाया पोतं लावून. पारूकाकूच्या हाताला आमच्याइतकीच माती असायची. तिच्या मातीने रंग खराब होत नव्हता.

भाऊसाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनवाले. त्यांचा जावई औरंगाबादला ह्याच देशी मोटारी विकायचा. मुकादम त्यांचा माणूस. हजेरीपटावर कुणाचं नाव ठेवायचं ते भाऊसाहेब सांगायचे. नाव गेलं की काम गेलं, काम गेलं की रेशनची लाल मिलो ज्वारीसुद्धा घरात येत नव्हती. घरात माय, मी आणि अंथरुणाला खिळलेला बाप. मी सोळा वर्षांची. आणि मला सारखी भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या गोष्टी सांगणारे सांगता सांगता शूर होत जातात. मी शूर नव्हते.

त्या दिवशी गाडी दोनदा ढकलली तेव्हा सुरू झाली. भाऊसाहेबांनी ती बाभळीखाली नेऊन उभी केली. तिथे हजेरी चालायची. सरकारी ओव्हरसियर आलेला होता. भाऊसाहेब त्याला म्हणाले, "हे काम आटपा आता. सरकारच्या जिवावर बसून खायची सवय लागून राह्यली लोकांना."

आम्ही ऐकत होतो. डोक्यावर भरल्या पाट्या घेऊन बसून खात होतो.

मग अंगठ्याची रांग लागली. ह्या अंगठ्याची एक रीत होती. अंगठा आपला, पण तो दाबायचा मुकादमाने. तो मनगट धरायचा, बोट जांभळ्या शाईत बुडवायचा, कागदावर टेकवायचा आणि हात सोडून पुढचीला ओढायचा. कागदावर काय आहे ते कुणी बघत नसे. मी सातवी पास होते. पहिल्या हजेरीला म्हटलं होतं, मी सही करते. मुकादम म्हणाला होता, "तहसीलदारीण हायेस काय?" सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून सलतं.

त्या दिवशी हजेरीपटाखाली दुसरा एक कागद होता. मायचा अंगठा आधी पटावर, मग त्या कागदावर उठला. माझी पाळी आली. पटावर अंगठा झाला. दुसऱ्या कागदाकडे हात गेला तेव्हा माझी नजर अक्षरांवर गेली. मुद्दाम नाही. अक्षरं दिसली की डोळा जातोच.

'आम्ही खाली सही-अंगठा करणारे कष्टकरी सरकारास विनंती करतो की, देशी मोटारींचा कारखाना तोट्यात आला आहे. सरकारने भरीव मदत देऊन तो वाचवावा. कारखाना बुडाला तर आमच्या हातांचे काम जाईल.'

आमच्या हातांचं. तो कारखाना मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या खांद्यावर ते पोतं अजून तसंच होतं.

मी हात ओढून घेतला. "हे हजेरीचं न्हाई," मी म्हणाले. "मोटारीच्या कारखान्याचं हाये."

भाऊसाहेब रागावले नाहीत. हसले. "वाचता येतं व्हय पोरीला? चांगलं हाये. देशाची गाडी हाये पोरी. सरकारनं न्हाई वाचवायची तर मंग कोणी? लाव जल्दी."

त्या गोड बोलण्याने मी जास्त घाबरले. पुढे उभ्या मायने वळून माझ्या दंडाला चिमटा काढला. "लाव बाई. तुझ्या पाया पडते. लाव."

आईने लेकीच्या पाया पडायचं. कशासाठी, तर गाडीसाठी.

माझ्या तोंडून आवाज आला तो मलाच ओळखू आला नाही. चिरका. रडका. "ह्या कागदाला माझा हात चालतो का, भाऊसाहेब? का पोतं लावू?"

ओव्हरसियर दुसरीकडे बघायला लागला. माझ्या पायांवरून गरम धार गेली. होय, मी उभ्या उभ्या लुगड्यात मुतले. लाज वाटते, पण झालं ते झालं. कागदाला मात्र हात लावला नाही.

माझ्यामागे पारूकाकू होती. तिने सगळं ऐकलं. पटावर उठवून जांभळ्या झालेल्या आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या कागदावर अंगठा टेकवला. तिच्या घरी चार लेकरं होती, मला कळतं. तरी राग आला. अजून येतो.

"हिचं नाव काढा," भाऊसाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही.

"मायचंबी?" मुकादमाने विचारलं.

"मायचंबी."

घरी जाताना माय माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. दुसऱ्या कामावर नाव लागेपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत घरात काय शिजलं ते सांगत नाही.

कारखान्यांना सरकारने हात द्यावा की नाही, ह्यावर नंतर मी शिकलेल्या लोकांचे वाद पुष्कळ ऐकले. कारखान्यात राबणाऱ्या माणसाशी माझं वैर नाही. त्याची चूल विझू नये. त्याच्यासाठी मागायचं तर त्याला विचारून, त्याच्या नावाने मागा. माझा हात चोरून नको. आम्ही माती वाहून मिळवलं ती फुकटाची सवय, आणि गाडीवाल्याला मिळालं तर देशाचं भलं. हे दोन्ही मी एकाच तोंडून, एकाच दुपारी ऐकलंय.

त्याच हिवाळ्यात मी मायला सही शिकवली. चुलीतल्या कोळशाने, जमिनीवर. ती रडायची, मला शिव्या द्यायची. "तुझ्या वाचण्यानं उपाशी ठेवलं," म्हणायची. मी ऐकून घेतलं आणि कोळसा पुन्हा तिच्या हातात दिला.

शाईचा डबा उघडला की माझी छाती अजून धडधडते. धडधडू दे. कागद वाचल्याशिवाय माझं बोट पुढे होणार नाही. मनगट कुणाला धरू देणार नाही. आणि त्यांची गाडी मी ढकलणार नाही. पोतं लावून नाही, उघड्या हाताने तर नाहीच.