सहावी गोळी

माझा साडू माझ्या डोक्यात जायचा. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, कॅल्गरीत आमच्यापासून दहा मिनिटांवर राहणारा. तेलाच्या मंदीत मला ऑफिसातून नारळ मिळाला आणि याची नोकरी शाबूत राहिली, हे आधीच झोंबलेलं. त्यात दर शनिवारी चहाला टपकायचं आणि माझ्या रिव्हॉल्व्हरला नावं ठेवायची. "साडूभाऊ, हरणासाठी रायफल असते हो. हे खेळणं घेऊन कुठे निघालात?"

खेळणं म्हणे! कॅनडात हँडगननं शिकार करता येत नाही, म्हणून मी रीतसर कागदपत्रं करून सीमेपलीकडे मोंटानात, एका जुन्या सहकाऱ्याच्या रँचवर जाणार होतो. स्वतःला अटही घातली होती. पन्नास यार्डांवर वाढदिवसाला वापरतो तसली कागदी प्लेट लावायची, उभं राहून सहा गोळ्या मारायच्या, सहाच्या सहा आत लागल्या तरच जायचं. हरणाच्या काळजाभोवतीची जागा साधारण तेवढीच असते. एकही बाहेर गेली तर घरी बसायचं, कारण जनावर तडफडत मरणं मला मान्य नव्हतं. सप्टेंबरभर सहाही आत लागत होत्या.

मग दसरा आला. बेसमेंटमधल्या देवघरापुढे पाटावर रिव्हॉल्व्हर मांडलं. बायको म्हणाली, "अहो, नुसतं फूल वाहा. तेलकट आहे ते, कुंकू चिकटून बसेल."

"शस्त्रपूजा कशी करायची ते तू मला शिकवू नकोस," मी खेकसलो आणि चांगलं चिमूटभर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसून टाकलं.

पुढच्या शनिवारी साडू पाहुणा म्हणून माझ्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर आला. आमंत्रण मीच दिलं होतं, तोंड बंद करायला. पहिल्या फेरीत पाच गोळ्या आत लागल्या, एक प्लेटच्या बाहेर डावीकडे. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीतही तेच! थंडीनं बोटं बधिर झालेली, आणि हा कानावरचे आवाज अडवणारे मफ बाजूला करत म्हणतो, "दर खेपेला एकच का हो बाहेर जाते? बघून घ्या जरा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर मोजमापाचं काम केलेला इंजिनिअर मी, आणि मला हा शिकवणार? "वारा आहे," मी म्हणालो. वारा कसला, पानही हलत नव्हतं. अट मोडली होती, घरी बसायला हवं होतं. पण याच्यासमोर माघार घ्यायची? छे! त्यापेक्षा मेलेलं बरं. मी गेलो.

मोंटानात दुसऱ्या सकाळी एक नर उतारावर आडवा उभा राहिला, पन्नास यार्डांच्या आतच. हात स्थिर होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. गोळी पोटात लागली. तो मागचे पाय ओढत झुडपांत शिरला. आम्ही दिवसभर रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. थेंब विरळ होत गेले, मग ओढ्यापाशी संपले. तो सापडला नाही.

पिकअपपाशी येऊन रिव्हॉल्व्हर उघडलं. गोळ्यांचं चक्र फिरून दर वेळी नळीसमोर नेमकं थांबावं म्हणून त्याच्या कडेला सहा खाचा असतात. उडालेल्या गोळीच्या घराची खाच बुजलेली दिसली. नखानं खरवडली तर लाल निघालं. तेलात घट्ट झालेलं कुंकू. मी फडक्यानं पुसलं नव्हतं, आणखी आत दडपलं होतं. त्या एका घरावर चक्र पुरतं अडकत नव्हतं, केसभर तिरकं राहत होतं. म्हणून सहातली एक बाहेर. साडूनं बरोबर तेच विचारलं होतं.

पुढच्या शनिवारी तो चहाला आला. "मग? काय झालं शिकारीचं?"

"नेम चुकला," मी म्हणालो. "पळालं."

मी चिडवणं ऐकायला तयार बसलो होतो. त्यानं बशीत बिस्किट ठेवलं. "बरं झालं हो," तो म्हणाला, अगदी मनापासून. "जगलं बिचारं."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला मी आल्या आल्याच सगळं सांगितलं होतं.

"हो," मी म्हणालो. "जगलं."