मान हलेपर्यंत

मास्तर, आज वर्गात तुमची बाजू पुन्हा मांडली. आता ती तुमच्यापेक्षा मीच बरी मांडते. एकदा मान हलवा, म्हणजे मला माझं बोलता येईल.

एवढं लिहून बाईंनी कागद चुरगळला आणि टोपलीत टाकला. गेलेल्या माणसाला पत्रं लिहिण्याइतकं आपलं डोकं फिरलेलं नाही, असं त्यांचं मत होतं. रिकाम्या खुर्चीशी बोलणं त्या यात धरत नसत.

दोघं नवरा-बायको एकाच कॉलेजात वादविवाद शिकवत. दावा कशाला म्हणतात, आधार कशाला, हे ते वर्गासमोर भांडूनच दाखवत. पोरं म्हणत, यांच्या घरी चहात साखरसुद्धा ठराव पास झाल्याशिवाय पडत नसेल. नियम एकच. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्याहून चांगलं मांडायचं. त्यानं मान हलवली, तरच खंडन. घरीही हाच कायदा.

शेवटचा वाद मुलावरून झाला. तो शिक्षण सोडून जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला, तेव्हा बाईंनी त्याच्या हातून घराची किल्ली हिसकावून गटारात फेकली होती. मास्तरांचं म्हणणं, आता आपणच त्याला बोलवावं.

"चुकला तो, आणि वाकायचं आपण?"

"चुकला हे तुझं गृहीतक झालं. आधार काय?"

"तुम्हीच लाडावून ठेवलंत त्याला."

"घसरलीस. मुद्दा सोडून माणसावर आलीस. नवी पोरंसुद्धा पकडतील हे." मास्तरांनी स्वतःची किल्ली बाईंच्या पर्समध्ये टाकली. "बाजारात जाशील तेव्हा हिच्यासारखी दुसरी करून आण, त्याच्यासाठी. ते पटत नसेल तर संध्याकाळी माझी बाजू नीट मांड, मग तुझं ऐकतो."

संध्याकाळी बाईंनी बाजू मांडली. चांगली मांडली. मग वर पाहिलं तर मास्तर खुर्चीतच गेलेले. मान एका अंगाला कलली होती. ती होकारानं कलली की नुसतीच, हे आता कोण सांगणार?

तेव्हापासून नव्या वर्गापुढे दरवर्षी हाच विषय: घर सोडून गेलेल्याला आधी हाक कोणी मारायची? बाई टेबलाशेजारी रिकामी खुर्ची ठेवून मास्तरांची बाजू मांडत. सुरुवातीला ती बाजू लंगडत होती. पुढं तिच्यात मास्तरांचं घसा खाकरणं आलं, वाक्य अर्ध्यात सोडून हसणं आलं. पुढच्या बाकांवरची पोरं बिचकून खुर्चीकडे बघेनाशी झाली. बाई थांबून वाट पाहत, आणि स्वतःचं उत्तर न देताच तास संपे.

या वर्षी एका मुलीनं विचारलंच. "बाई, तुमचं खंडन कधी?"

"मान हलली की."

"पण बाई, तुमच्याकडे उत्तर उरलंय कुठं? आता मान तुम्हीच हलवायची."

वर्ग हसला. त्या हसण्यात कुणीतरी घसा खाकरला. मुलीनं दचकून खुर्चीकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्यांना आवाज ओळखीचा होता.

त्या तडक बाजारात गेल्या. वाटेत मुलाचा मेसेज वाचला: "बंदरात आहे. परवा निघतो." किनाऱ्याला लागला की तो एवढंच कळवायचा. येऊ का, असं कधी विचारत नसे.

किल्लीवाल्यानं मास्तरांची किल्ली हातात घेतली, मशीन सुरू केलं. बाईंच्या मनात आलं, ही झाली की वाद मिटला. मुलगा येईल, जेवेल, पुन्हा जहाजावर जाईल, पुन्हा येईल. पण हरलेल्या बाईशी वाद घालायला मास्तर कशाला थांबतील?

"थांबा," त्या म्हणाल्या.

"मागच्या खेपेलाही असंच केलंत, बाई."

"माहितेय मला. द्या इकडे."

घरी येऊन त्यांनी दार उघडलं आणि किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली. मास्तरांची खुर्ची होती तिथंच होती. त्या समोर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हं, मास्तर. पहिल्यापासून मांडते."