सव्वापाच व्होल्टच्या पुढे

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायकोजवळ नाही. ज्या मित्रांबरोबर सकाळी तर्री-पोहे खातो आणि जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढतो, त्यांच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मध्येच मी भलतीकडे वळेन — मला माहीत आहे माझं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गांधीबागेत एका कापडदुकानाच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की बाळाभाऊंचं कॉम्प्युटर पत्रिका केंद्र होतं. जन्मतारीख, वेळ आणि गाव सांगायचं, की पत्रिका छापून हातात. लोक वर येऊन गुण जुळवायचे, आणि पुढे लग्न ठरलं की बस्ता बांधायला खालच्याच दुकानात यायचे. बाळाभाऊ आणि दुकानदार, दोघंही खूश. त्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे होती. आणि टाइप करायला होती सुनंदा.

सुनंदा इंदोऱ्याहून सायकलने यायची. तिच्या घरी पत्रिका बघतच नसत. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी ते सगळं सोडलं होतं. मला हळूच म्हणायची, "मंगळ काय करते गा मनोहरभाऊ? तो तर तिकडं लांब आपला फिरून राहिला!" आणि हसायची. पण गिऱ्हाइकाने सांगितलेली जन्मवेळ मात्र दोनदा विचारून घ्यायची, एका मिनिटाची चूक होऊ द्यायची नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून स्वतःचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायची. कॉम्प्युटर आतून कसा असतो ते दाखवा म्हणून माझ्यामागे लागली होती. मी टाळायचो. काहून टाळायचो? कारण ती माझ्याहून हुशार होती, आणि ते मला दिसत होतं.

पाहा — वळलोच मी. व्होल्टवर यायचं आहे.

रस्त्यापलीकडे दुसरं केंद्र उघडलं. त्यांचा कॉम्प्युटर नवा होता. बाळाभाऊ दिवसभर खिडकीतून तिकडे बघत बसायचे आणि मला टोचायचे, "त्याचा पळून राहिला, आपला काहून रांगून राहिला गा?" मला ते फार झोंबलं. मी तेव्हा स्वतःला मोठा तीसमारखां समजत होतो ना! कॉम्प्युटरमध्ये क्रिस्टल नावाची एक लहानशी डबी असते, ती त्याचा वेग ठरवते. मी जुनी काढून जास्त वेगाची बसवली. कुणालाही न सांगता. मशीन पळायला लागली, आणि थोड्या वेळाने गचकून उभी राहिली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच.

तेव्हा मी पॉवर सप्लाय उघडला. त्याच्या आत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की व्होल्ट वाढतात. चिपला पाच व्होल्ट लागतात. पाव व्होल्ट इकडे, पाव व्होल्ट तिकडे — बस्स, तेवढीच मुभा. सव्वापाचच्या पुढे जायचं नाही, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं, मी दुसऱ्यांना शिकवत होतो! पण साडेपाचावर मशीन अडखळत चालली, म्हणून आणखी थोडा पिळला, आणि ती सुरळीत चालली. चिपवर बोट ठेवलं तर टेकवत नव्हतं. नागपूरचा मे महिना, खोलीत एकच कूलर, आणि मी ते झाकण लावून मिशीला पीळ देत बसलो.

आणि गंमत सांगू? पत्रिकेचा सगळा वेळ खायचा तो प्रिंटर. करकर करकर करत तो आपल्याच चालीने छापायचा. माझ्या त्या पराक्रमाने गिऱ्हाइकाचा चहा पिण्याइतकासुद्धा वेळ वाचला नाही. बाळाभाऊंना मात्र पडद्यावर आकडे भरभर पळताना दिसले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

मग तो दिवस. दुपारी लाईन गेली, कूलर बंद पडला, खोलीची भट्टी झाली. बाळाभाऊ घरी जेवायला गेले होते आणि मी खाली पानठेल्यावर होतो. आमच्या गावात लाईन आली की लगेच काही लावायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. मोहल्ल्यातले कूलर बंद असतात, व्होल्टेज चढलेलं असतं, म्हणून थोडं थांबायचं. सुनंदा थांबली होती. मला नंतर म्हणाली, थांबली होती. पण पारशिवनीहून पत्रिकेसाठी आलेले एक मामा गाडी चुकेल म्हणून उभ्याउभ्या घाई करत होते. तिने बटण दाबलं. मी जिना चढत होतो तेव्हाच जळका वास आला.

मामांना उद्या या म्हटलं आणि मशीन उघडली. चिप काळी पडली होती. भिंतीवर स्टॅबिलायझर होता, तो शाबूत. लाईनने काही केलं नव्हतं — मी केलं होतं, पंधरा दिवसांपूर्वीच करून ठेवलं होतं. सुनंदा मागे उभी होती. मी तिला म्हणालो, "जा, खालून थंड पाणी घेऊन ये." ती बिचारी धावत गेली. तिला वाटलं मला तहान लागली आहे. तेवढ्यात मी जुनी क्रिस्टल परत लावली, स्क्रू परत पाचावर आणला, झाकण बसवलं. तिने आणलेलं पाणी मी प्यालोसुद्धा.

बाळाभाऊ आले. विचारलं, कोणी चालू केली? ती म्हणाली, "मीच केली जी." सरळ म्हणाली, आढेवेढे नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लाईन आल्याआल्या लावली म्हणूनच जळली ना गा?"

मी मान हलवली.

"पोरी," बाळाभाऊ म्हणाले, "तुझ्या हाताले यश नाही." रागाने नाही म्हणाले, कीव केल्यासारखे म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होतो. ती गुंडाळलेलीच होती, तरी मी गुंडाळत होतो.

त्या महिन्यानंतर ती आली नाही. सायकलवर कधी दिसली तर मी गल्ली बदलायचो. मंगळ-शनीला हसणारी पोरगी, पण हे मात्र तिने खरं मानलं — कारण ज्याला त्यातलं कळत होतं त्या माणसाने मान हलवली होती. नोकरी जाण्याची भीती होती मला, हो. पण तेवढंच असतं तर कशाला लिहायला बसलो असतो? चूक तिची ठरली तेव्हा मला बरं वाटलं होतं. ती आता मशीनला हात लावणार नाही, आता इथे जाणकार मी एकटाच — असं बरं. मला माझी शिसारी येते हे लिहिताना.

पुढे मी स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, चांगलं चाललं. एक दिवस सुनंदा दुकानात आली, मुलीला घेऊन. केस पिकले होते. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मला बसायला खुर्ची सापडेना. ती एका शाळेत ग्रंथालयात होती. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा तिने ते काम दुसऱ्या बाईंना देऊन टाकलं, हे तिने हसत सांगितलं. मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं, तिच्यासाठी मशीन हवी होती. मी एक समोर मांडली. मुलगी म्हणाली, आई, तू चालू कर. सुनंदा दोन्ही हात मागे घेऊन टेबलापासून सरकली.

"मी नाही वं," ती मुलीला म्हणाली. "माह्या हातानं एक जळला आहे. तुले खोटं वाटते ना? विचार यांले, हे होते तिथं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "खरंच का काका?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सुनंदा हसत उभी होती. बाळाभाऊ केव्हाच वारले होते, केंद्र बंद पडलं होतं, माझी नोकरी घेणारं कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

पहिल्या वेळी मी नुसती मान हलवली होती. या वेळी तोंडाने म्हणालो — हो.